न्यायाधीशांसाठी मधल्या पायऱ्या कुठे आहेत?

मे 1993. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावर लोकसभेत मतदान झालं. बाजूने 196 मतं पडली, विरोधात एकही नाही. सत्ताधारी काँग्रेसचे आणि त्यांच्या मित्रपक्षांचे 205 सदस्य सभागृहात हजर होते, पण त्यांनी मतच दिलं नाही. प्रस्ताव पडला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना त्यांनी निवासस्थानाच्या सजावटीवर आणि सामानावर सरकारी पैसा वाट्टेल तसा उधळला, असे आरोप होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्यांतले बहुतेक सिद्ध झाल्याचं लेखी कळवलं होतं. हा माणूस निर्दोष आहे, असं मत एकाही खासदाराने नोंदवलं नाही. तरीही ते पदावर राहिले आणि पुढच्या वर्षी रीतसर निवृत्त झाले.

प्रस्ताव नेमका कुठे अडला, हे बारकाईने पाहायला हवं. घटनेच्या अनुच्छेद 124(4) मध्ये दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत हवं आणि सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचंही बहुमत हवं. तटस्थ राहणारा सदस्य पहिल्या अटीत धरला जात नाही. म्हणजे ती अट त्या दिवशी शंभर टक्के पूर्ण झाली होती. प्रस्ताव मारला तो दुसऱ्या अटीने. 196 चा आकडा एकूण संख्येच्या निम्म्यापासून फार लांब होता. थोडक्यात, न्यायाधीशाला वाचवण्यासाठी त्याच्या बाजूने बोलावं लागत नाही, मत द्यावं लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं.

घटना लागू झाल्यापासून आजपर्यंत सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाचा एकही न्यायाधीश या मार्गाने पदावरून गेलेला नाही. हा आकडा कोणी न्यायव्यवस्थेच्या सचोटीचा पुरावा म्हणून सांगतं, कोणी स्वातंत्र्याचा. मला तो दोन्हींचा पुरावा वाटत नाही. आपल्याकडे वरच्या न्यायालयातल्या न्यायाधीशासाठी दोनच शक्यता ठेवल्या आहेत, बडतर्फी किंवा काहीच नाही. या दोहोंमध्ये एकही पायरी नाही, आणि त्या रिकाम्या जागेत बदल्या, दबाव, गुप्त अहवाल आणि वेळेवर दिलेले राजीनामे भरले आहेत.

आधी रीतसर मार्ग पाहू. त्याला बोलीत आपण महाभियोग म्हणतो, पण घटनेत तो शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी आहे. न्यायाधीशांच्या बाबतीत दोन्ही सभागृहं राष्ट्रपतींना समावेदन, म्हणजे हटवण्याची रीतसर विनंती, सादर करतात आणि राष्ट्रपती आदेश काढतात. कारणं दोनच: शाबीत झालेली गैरवर्तणूक किंवा अक्षमता. तपशील 1968 च्या न्यायाधीश चौकशी कायद्यात आहे. लोकसभेत किमान 100 किंवा राज्यसभेत किमान 50 सदस्यांच्या सह्यांची नोटीस द्यायची. अध्यक्षांनी किंवा सभापतींनी ती दाखल करून घ्यायची की नाही ते ठरवायचं. दाखल केली तर तीन जणांची समिती नेमायची: सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, एखाद्या उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश आणि एक नामवंत विधिज्ञ. समिती आरोप निश्चित करते, संबंधित न्यायाधीशाचं म्हणणं ऐकते, साक्षीपुरावा घेते. समितीने निर्दोष ठरवलं तर विषय तिथेच संपतो. दोषी ठरवलं तर प्रस्ताव सभागृहात येतो, मग दुसऱ्या सभागृहात जातो, आणि समावेदन त्याच अधिवेशनात राष्ट्रपतींपर्यंत पोहोचावं लागतं. अनुच्छेद 121 प्रमाणे असा प्रस्ताव असल्याशिवाय संसदेत न्यायाधीशाच्या वर्तनाची चर्चाही करता येत नाही.

हा उंबरठा उंच आहे आणि तो उंचच असावा. देशातला सर्वांत मोठा पक्षकार सरकार आहे. ज्याच्याविरुद्ध रोज निकाल द्यायचे, त्याच्याच हातात नोकरीची दोरी असेल तर निकाल कसे लागतील हे कोणालाही कळतं. त्यामुळे बडतर्फी सोपी करा, अशी मागणी मी करत नाही. गडबड उंबरठ्याच्या उंचीत नाही, ती त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

अलीकडची गडबड अशी की नोटिशीवर किती दिवसांत निर्णय घ्यायचा, हे 1968 च्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. तत्कालीन सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची नोटीस 20 एप्रिल 2018 रोजी राज्यसभेच्या सभापतींना दिली गेली आणि 23 एप्रिलला फेटाळली गेली. तीन दिवस. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शेखर कुमार यादव यांच्या एका जाहीर भाषणावरून 55 सदस्यांनी 13 डिसेंबर 2024 रोजी त्याच सभागृहात नोटीस दिली, आणि पुढचे कित्येक महिने सह्या पडताळण्यात गेले. यातली कोणती नोटीस योग्य होती आणि कोणती नव्हती, हा वाद बाजूला ठेवू. एकाच कलमाखाली एका नोटिशीला तीन दिवस लागतात आणि दुसरीला महिनोन्महिने, तेव्हा निर्णय कायद्याने होत नाही, पीठासीन अधिकाऱ्याच्या मर्जीने होतो. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश 62 व्या वर्षी निवृत्त होतो, सर्वोच्च न्यायालयाचा 65 व्या. पुरेसा वेळ काढला की कॅलेंडरच प्रकरण निकाली काढतं.

पलीकडची गडबड राजीनाम्याची. कलकत्ता उच्च न्यायालयाचे सौमित्र सेन यांचं प्रकरण इथे जवळून पाहण्यासारखं आहे. वकील असताना 1984 मध्ये न्यायालयाने त्यांना एका दाव्यात रिसीव्हर नेमलं. वादातला माल विकून आलेले सुमारे 33 लाख रुपये त्यांनी न्यायालयाच्या वतीने सांभाळायचे होते आणि वेळोवेळी हिशेब द्यायचा होता. हिशेब दिला गेला नाही. पैसे ज्या कामासाठी होते त्याऐवजी दुसरीकडे वळले. 2003 मध्ये ते न्यायाधीश झाले, तेव्हाही तो हिशेब बाकीच होता. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांनी व्याजासह रक्कम भरली. न्यायाधीशांच्या अंतर्गत समितीने ठपका ठेवल्यावर तत्कालीन सरन्यायाधीशांनी ऑगस्ट 2008 मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून त्यांना हटवण्याची शिफारस केली. राज्यसभेत मतदान झालं 18 ऑगस्ट 2011 रोजी. शिफारस आणि पहिलं मतदान यांच्यात तीन वर्षं गेली. राज्यसभेने 189 मतांनी प्रस्ताव मंजूर केला. लोकसभेत तो येण्याच्या काही दिवस आधी, 1 सप्टेंबरला, त्यांनी राष्ट्रपतींकडे राजीनामा पाठवला आणि सगळं थांबलं. त्याच वर्षी जुलैमध्ये सिक्कीम उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश पी. डी. दिनकरन यांनी तर समितीची चौकशी चालू असतानाच राजीनामा दिला होता.

न्यायाधीशाचा राजीनामा कोणी मंजूर करावा लागत नाही. राष्ट्रपतींना उद्देशून सहीनिशी पत्र दिलं की पद सुटतं. पद सुटलं की हटवायचं कोणाला, म्हणून कार्यवाही बंद पडते. पेन्शनचं काय? मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये, आपल्याच एका माजी अतिरिक्त न्यायाधीशांच्या याचिकेवर, राजीनामा ही निवृत्तीच समजायची आणि पेन्शन द्यायची असा निकाल दिला. त्या न्यायाधीशांवर गैरवर्तनाची कुठलीही कार्यवाही नव्हती आणि त्यांच्यापुरता तो निकाल मला रास्त वाटतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की चौकशीच्या तोंडावर राजीनामा देणाऱ्याची पेन्शन रोखायची असेल, तर तसं कायद्यात स्पष्ट लिहावं लागेल. आज ते लिहिलेलं नाही.

संसदेचा मार्ग इतका बिनभरवशाचा म्हणून न्यायालयांनी स्वतःची वाट काढली. निमित्तही मुंबईचंच होतं. 1995 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन मुख्य न्यायाधीशांविरुद्ध इथल्या बार असोसिएशनने उघड आघाडी उघडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तोवर त्यांनी राजीनामा दिला होता. वकिलांनी ठराव करून न्यायाधीशावर दबाव आणू नये, तक्रार सरन्यायाधीशांकडे न्यावी आणि त्यांनी ती तपासावी, असं तेव्हा ठरलं. त्यातून 1997 चे वर्तनाचे संकेत आले आणि 1999 मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत. तक्रार आली की न्यायाधीशाचं म्हणणं मागवायचं. खोलात जायची गरज वाटली तर इतर उच्च न्यायालयांचे दोन मुख्य न्यायाधीश आणि एक न्यायाधीश अशी समिती नेमायची. आरोप गंभीर आणि खरे आढळले तर राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा सल्ला द्यायचा. तो ऐकला नाही तर न्यायालयीन काम काढून घ्यायचं आणि राष्ट्रपती, पंतप्रधानांना कळवायचं.

एवढ्याने काय होतं? काम काढून घेतलं तरी पद, पगार आणि बंगला तसाच राहतो. अहवाल गोपनीय असतो, तक्रारदाराला तो मागण्याचा हक्क नाही. खुद्द सरन्यायाधीशांविरुद्ध तक्रार असेल तर ती कोणी हाताळायची, याला त्या पद्धतीत उत्तर नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सी. एस. कर्णन यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे 2017 मध्ये न्यायालयाच्या अवमानासाठी सहा महिन्यांचा तुरुंगवास ठोठावला, पण पदावरून काढता आलं नाही. जूनमध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणूनच निवृत्त झाले, आणि मग पकडले गेले. न्यायाधीशाला कोठडीत पाठवता येतं, घरी पाठवता येत नाही, असा हा प्रकार होता.

दिल्ली उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या निवासस्थानी 14 मार्च 2025 च्या रात्री आग लागली आणि जळालेल्या नोटांचा प्रश्न उभा राहिला. त्यांनी आरोप नाकारले. या प्रकरणात यंत्रणा एरवीपेक्षा वेगाने हलली हे मान्य करायला हवं. आठ दिवसांत अंतर्गत समिती नेमली, मेच्या सुरुवातीला अहवाल आला, 12 ऑगस्टला लोकसभा अध्यक्षांनी 1968 च्या कायद्याखाली समिती जाहीर केली. पण पहिली ठोस कारवाई कोणती झाली? अलाहाबादला बदली. तिथल्या बार असोसिएशनने आम्ही कचराकुंडी नाही म्हणून निषेध केला, आणि त्यांचं काय चुकलं? दिल्लीत काम देण्याजोगा नसलेला न्यायाधीश अलाहाबादेत कसा चालेल? आणि आरोप खोटे असतील तर बदली तरी कशासाठी? बदली ही घटनेत प्रशासकीय सोय आहे. तिला शिक्षा बनवलं की दोषी सुटतो आणि निर्दोष बदनाम होतो.

आता खालच्या न्यायालयांकडे वळू, कारण तिथलं चित्र बरोबर उलटं आहे. दिवाणी न्यायाधीश असोत की जिल्हा न्यायाधीश, अनुच्छेद 235 नुसार त्यांच्यावर उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. तक्रार प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल अशा पुराव्यासह आली की दक्षता विभाग प्राथमिक चौकशी करतो, मग खातेनिहाय चौकशी लागते, दोषारोपपत्र दिलं जातं. ताकीद, वेतनवाढ रोखणं, पदावनती, सक्तीची निवृत्ती, बडतर्फी अशा सगळ्या पायऱ्या तिथे आहेत. शिवाय वयाच्या 50, 55 आणि 58 व्या वर्षी कामाचा आढावा होतो आणि सार्वजनिक हिताच्या नावाखाली मुदतपूर्व निवृत्ती देता येते. अशी निवृत्ती कायद्याच्या दृष्टीने शिक्षा नाही, म्हणून म्हणणं मांडायची संधीही द्यावी लागत नाही. गोपनीय अहवालात एखाद्या वरिष्ठाने सचोटी संशयास्पद असा शेरा मारला असेल, तर तेवढ्यावर वीस-पंचवीस वर्षांची नोकरी संपू शकते. जामीन उदारपणे दिला म्हणून कोणी निनावी अर्ज केला आणि तो फायलीत राहिला, अशी धास्ती तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या न्यायाधीशाला असते. जामीन नाकारणं सुरक्षित आणि देणं जोखमीचं, हा हिशेब तिथून सुरू होतो, आणि त्याची किंमत कच्च्या कैद्यांना मोजावी लागते.

मध्य प्रदेशात 2023 मध्ये सहा महिला दिवाणी न्यायाधीशांना परिविक्षा काळातच सेवेतून काढलं. चौघींना नंतर परत घेतलं. उरलेल्या दोघींसाठी सर्वोच्च न्यायालयाला 28 फेब्रुवारी 2025 रोजी निकाल द्यावा लागला. त्यांतल्या एकीचा त्या काळात गर्भपात झाला होता. ती गैरहजर का होती, निकालांची संख्या का घसरली, याचं उत्तर तिच्या वैद्यकीय कागदांत होतं, पण आढावा घेणाऱ्यांनी फक्त आकडे पाहिले.

म्हणजे एकीकडे सिद्ध आरोपांनंतरही हात लावता येत नाही, आणि दुसरीकडे एका शेऱ्यावर घर गाठावं लागतं. स्वातंत्र्य न्यायाधीशाच्या दर्जाला चिकटलेलं नसतं, ते कामाला लागतं. पहिल्यांदा रिमांड देणारा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही तेवढाच स्वतंत्र असायला हवा जेवढा घटनापीठावरचा न्यायमूर्ती.

अक्षमतेबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. 1968 च्या कायद्यात तिची सोय आहे. शारीरिक किंवा मानसिक अक्षमतेचा आरोप असेल आणि न्यायाधीश तो नाकारत असेल, तर वैद्यकीय मंडळ नेमता येतं. न्यायाधीशाने तपासणीला नकार दिला तर अक्षमता आहे असं समितीला गृहीत धरता येतं. कागदावर ठीक. पण स्मृती ढळू लागलेल्या, पक्षाघातातून न सावरलेल्या माणसासाठीही रस्ता तोच: शंभर खासदारांच्या सह्या, संसदेत चर्चा, वर्तमानपत्रात मथळे. आजारी सहकाऱ्यावर हे कोण ओढवून घेईल? म्हणून सगळे सांभाळून घेतात. सोबतचा न्यायाधीश निकाल लिहितो, त्याच्या वाट्याचं काम हलकं केलं जातं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात विल्यम डग्लस यांना 1974 च्या अखेरीस पक्षाघात झाला, तेव्हा ज्या प्रकरणात त्यांचं मत निर्णायक ठरेल ती पुढे ढकलायची, असं सहकाऱ्यांनी आपसात ठरवलं होतं. ते निवृत्त झाले नोव्हेंबर 1975 मध्ये. झाकून ठेवण्याची ही रीत सगळीकडची आहे, आणि तिचा भुर्दंड पक्षकाराला पडतो.

अक्षमता ओळखायला प्रत्येक वेळी डॉक्टर लागत नाही. तिची पहिली खूण दिसते राखून ठेवलेल्या निकालांत. युक्तिवाद संपून सहा महिन्यांत निकाल आला नाही तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्यावं असा अर्ज पक्षकार करू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगितलं आहे. एका न्यायाधीशाकडे असे निकाल साचत चालले, तर मुख्य न्यायाधीशांनी स्वतःहून विचारपूस करावी. आजारपणामुळे निवृत्ती आवश्यक असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर सेवा कमी भरली तरी पेन्शन मिळते, ही तरतूद उच्च न्यायालय न्यायाधीशांच्या 1954 च्या सेवाशर्ती कायद्यात आहेच. उणीव आहे ती सन्मानाने तिथवर नेणाऱ्या माणसांची आणि बंद दाराआडच्या वैद्यकीय मंडळाची.

इथे एक घोटाळा टाळायलाच हवा. अक्षमता आणि दिव्यांगत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दृष्टिहीन व्यक्तीला न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 3 मार्च 2025 रोजी दिला. कागद वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, रॅम्प, कामाच्या वेळेत सवलत एवढ्याने जो न्यायाधीश काम करू शकतो तो सक्षमच आहे. सोयी न पुरवता अक्षम ठरवणं हा अन्याय आहे.

उपाय नवे नाहीत. कॅलिफोर्नियाने 1960 मध्ये न्यायाधीशांच्या वर्तनासाठी कायमचा आयोग नेमला आणि खाजगी ताकीद, जाहीर निंदा, पदावरून दूर करणं, अक्षमतेसाठी निवृत्ती अशा पायऱ्या तिथे तयार झाल्या. आपल्याकडेही 2010 च्या न्यायिक उत्तरदायित्व विधेयकात सल्ला आणि ताकीद देण्याची तरतूद होती. लोकसभेने ते मार्च 2012 मध्ये मंजूर केलं, राज्यसभेत ते अडकलं आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर संपलं. त्याचं सगळंच चांगलं होतं असं नाही. सुनावणीत न्यायाधीशाने काय बोलू नये हे त्यात लिहिलेलं होतं, आणि खोट्या तक्रारीसाठी थेट तुरुंगवास. पहिल्याने न्यायाधीश घाबरले असते, दुसऱ्याने तक्रारदार.

तो मसुदा सुधारून पुन्हा आणावा. कायमची चौकशी समिती असावी, तिच्यात निवृत्त न्यायाधीशांचं बहुमत असावं, पण सगळे न्यायाधीशच नसावेत आणि मंत्री एकही नसावा. निकाल चुकला ही तक्रार पहिल्याच टप्प्यावर बाद व्हावी, कारण त्यासाठी अपील आहे. खाजगी ताकीद, कारणांसह जाहीर ताकीद आणि ठरावीक मुदतीसाठी काम काढून घेणं, या तीन पायऱ्या कायद्यात लिहाव्यात. बडतर्फी संसदेकडेच राहू दे, घटनेला हात लावायची गरज नाही, पण नोटिशीवर 30 दिवसांत लेखी निर्णय आणि समितीला सहा महिने, ही मुदत घालावी. खालच्या न्यायालयातल्या न्यायाधीशाला मुदतपूर्व निवृत्ती देण्याआधी शेरा दाखवावा आणि त्याचं ऐकावं.

आणि राजीनाम्याचं कलम. समिती नेमल्यानंतर दिलेला राजीनामा पद सोडण्यापुरता प्रभावी राहील, चौकशी मात्र पूर्ण होईल, अहवाल प्रसिद्ध होईल आणि पेन्शनचा निर्णय त्या अहवालानंतर होईल. निर्दोष न्यायाधीशालाही याचाच आधार आहे. आज दबावाखाली राजीनामा देऊन गेलेल्याच्या मागे संशय आयुष्यभर राहतो, आणि तो खोडून काढणारा कागद त्याच्या हाती कधीच पडत नाही.